हरित इमारतींतला उजेड: वॅट मोजले, डोळ्यांचे काय?

1896 च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि शहरातल्या घरांचा उजेड हा सार्वजनिक प्रश्न बनला. उंदीर आणि पिसवांचा वाटा तेव्हा पुरता उमगलेला नव्हता. दोष गेला तो अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर. निदान अर्धवट होते, पण त्यातून एक चांगला नियम निघाला. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून आकाशाकडे साडेत्रेसष्ट अंशांची रेषा काढली, तर समोरच्या इमारतीचा माथा त्या रेषेच्या वर जाता कामा नये. साध्या हिशेबात, दोन इमारतींमधली मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींतल्या तळमजल्यावर आजही दुपारी दिव्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येते, त्याच्या मुळाशी त्या काळचा हा विचार आहे.

या नियमाने सात मजली, म्हणजे सुमारे 21 मीटर उंच इमारतीसमोर साडेदहा मीटर जागा सुटली पाहिजे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. तिथल्या क्षयरोगाचा अभ्यास 2018 मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केला. दाटीवाटीच्या वसाहतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवरच्या कमी उजेडाच्या आणि कमी वाऱ्याच्या घरांत, रोगाचा धोका जास्त दिसला. यात उजेडाचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे, कारण दोन्ही एकाच खिडकीतून येतात. आंतरराष्ट्रीय परिषदांत ज्याला आरोग्यदायी प्रकाश म्हणतात, त्याची चर्चा बहुधा दिव्यांच्या तंत्रज्ञानापासून सुरू होते. आपल्याकडे ती इमारतींमधल्या अंतरापासून सुरू व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

आता हरित इमारतींकडे वळू. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, 2001 मध्ये स्थापन झाली. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला 2003 मध्ये लीड या अमेरिकी पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन मिळाले, आणि अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत ठरली. 2007 मध्ये दोन गोष्टी घडल्या. टेरी संस्थेने विकसित केलेली 'गृह' ही मानांकन पद्धत राष्ट्रीय पातळीवर स्वीकारली गेली आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने व्यापारी इमारतींसाठी ऊर्जासंहिता जाहीर केली. पिंपरी-चिंचवड महापालिकेने तर 'गृह' मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना करात सवलत देऊ केली. या सगळ्या पद्धतींत प्रकाशाची पहिली ओळख होते ती खर्चाची बाब म्हणून. दर चौरस मीटरला दिव्यांवर किती वॅट लागतात, हा मुख्य प्रश्न. ऊर्जासंहितेत कार्यालयांसाठी ही मर्यादा 2007 मध्ये 10.8 वॅट होती, ती 2017 च्या सुधारित आवृत्तीत 9.5 वर आली.

एलईडीमुळे ही मर्यादा पाळणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. जुना पिवळा बल्ब एका वॅटमध्ये 12 ते 15 लुमेन प्रकाश देत असे. आजचे बरे एलईडी पॅनेल शंभराच्या पुढे देते. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी 2015 मध्ये, आपल्याकडे 'उजाला' योजना सुरू झाली आणि 36 कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. सरकारी खरेदीत एका बल्बची किंमत दोन-अडीच वर्षांत 310 रुपयांवरून 38 रुपयांवर उतरली. विजेच्या बचतीचे इतके मोठे यश आपल्या देशात फार थोड्या योजनांना मिळाले आहे, आणि त्याचे मोल कमी करायचे कारण नाही. पण वॅटची मर्यादा गाठणे इतके स्वस्त झाल्यावर केवळ तेवढ्यावर गुण देण्यात फारसा अर्थ उरत नाही. मानांकनांनी आता अवघड प्रश्न हाती घ्यायला हवेत, आणि अवघड प्रश्न डोळ्यापाशी आहेत.

डोळा पाहण्यासाठी असतो, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याचे दुसरे काम विज्ञानाला नीट कळायला विसावे शतक संपावे लागले. 1980 मध्ये आल्फ्रेड ल्यूई यांनी दाखवले की प्रखर प्रकाशाने माणसाच्या रक्तातले मेलॅटोनिन हे झोपेच्या वेळेशी जोडलेले संप्रेरक दबते. 1995 मध्ये चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाला असे काही अंध रुग्ण आढळले, ज्यांना काहीच दिसत नव्हते, तरीही डोळ्यांवर प्रकाश पडताच त्यांचे मेलॅटोनिन खाली येत होते. म्हणजे नेत्रपटलात दृष्टीखेरीज आणखी काही जागे होते. 1998 मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेत मेलॅनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी रंगद्रव्य सापडले. पुढे ते माणसाच्या नेत्रपटलातही मिळाले. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांनी उंदरांच्या नेत्रपटलातल्या काही मोजक्या चेतापेशी स्वतःच प्रकाश ओळखतात, हे सिद्ध केले. या पेशी आकाशी-निळ्या, सुमारे 480 नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि त्यांचा निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळापर्यंत जातो. माणसाचे हे आतले घड्याळ सरासरीने 24 तास 11 मिनिटांचे आहे. रोज थोडे मागे पडणारे हे घड्याळ सकाळचा उजेड पुन्हा जुळवून देतो. दिवसभर अर्धवट अंधारात आणि रात्री लख्ख उजेडात राहणाऱ्या माणसाचे घड्याळ कशाशी जुळणार?

डोळ्याचे हे दुसरे काम मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 2018 मध्ये एक प्रमाण ठरवले. त्याला आपण सोयीसाठी मेलॅनोपिक लक्स म्हणू. 2022 मध्ये या विषयातल्या अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन तीन आकडे सुचवले. दिवसा डोळ्याशी किमान 250, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त 10, आणि झोपेत 1 हून अधिक नको. हे आकडे निरोगी प्रौढांसाठी आहेत आणि ते डोळ्याच्या पातळीवर, उभ्या पृष्ठावर मोजायचे आहेत. टेबलावर पडणारा प्रकाश इथे चालत नाही. सगळा घोळ नेमका इथे आहे.

आपली कार्यालये टेबलावरच्या प्रकाशाच्या हिशेबाने आखली जातात. भारतीय मानकांनुसार सर्वसाधारण कार्यालयात टेबलावर 300 ते 500 लक्स असावा. आपण 500 धरू. फॉल्स सीलिंगमधली पॅनेल खाली तोंड करून असतात, त्यामुळे बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी त्यातले साधारण 200 ते 250 लक्स पोचतात. दिवे 4000 केल्विनचे, म्हणजे मध्यम पांढऱ्या रंगाचे असतील, तर त्यांच्या प्रकाशाचा मेलॅनोपिक हिस्सा सहा दशांशाच्या आसपास असतो. गुणाकार केला की हाती येतात 120 ते 150. मानकाप्रमाणे चोख असलेले कार्यालयही शरीराच्या गरजेच्या निम्म्यावर थांबते. जिथे टेबलावर 300 च लक्स आहेत, तिथे तर बोलायलाच नको.

यावर दिव्यांच्या व्यवसायातून येणारे उत्तर ठरलेले आहे: दिवे वाढवा, आणखी पांढरे करा. गरज दिव्यांनीच भागवायची ठरवली, तर विजेची मागणी जवळपास दुप्पट होते, आणि ज्या बचतीपोटी मानांकन मिळाले ती बचतच खाल्ली जाते. आरोग्य आणि ऊर्जा यांच्यात भांडण लावणारा हा मार्ग मला चुकीचा वाटतो. खिडकीपासून दीड-दोन मीटरवर बसलेल्या माणसाला, बाहेर चांगले आकाश दिसत असेल तर, डोळ्याशी हजारभर लक्स सहज मिळतात, आणि आकाशाचा प्रकाश मुळातच निळ्याने समृद्ध असतो. दोन्ही हिशेब एकाच वेळी जुळवणारा असा स्रोत दुसरा नाही. म्हणून हरित इमारतीतला प्रकाश हा आधी वास्तुरचनेचा विषय आहे, विद्युत कंत्राटाचा नंतर.

खिडकी मोठी केली की काम झाले, असे मात्र नाही. पुण्या-मुंबईच्या नव्या काचेच्या इमारतींत दुपारी डोकावले, तर पडदे खाली ओढलेले आणि दिवे चालू दिसतात. पश्चिमेचे ऊन थेट पडद्यावर येते, संगणकाचा पडदा दिसेनासा होतो, कोणीतरी ब्लाइंड खाली करतो, आणि ते पुन्हा वर करण्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. भिंतभर काच असूनही माणसे दिवसभर दिव्यांच्या प्रकाशात बसतात आणि वातानुकूलन यंत्र काचेतून आलेली उष्णता बाहेर ढकलत राहते. ऊर्जासंहितेने भिंतीच्या तुलनेत काचेच्या प्रमाणाला 40 टक्क्यांची मर्यादा घातली, ती योग्यच आहे. काचेतून किमान 27 टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे, हीही तिची अट आहे. उष्णता अडवण्यासाठी काच काळी किंवा आरशासारखी करून टाकली, की उजेडही अडतो. उष्णता अडवून उजेड आत सोडणाऱ्या लेपाच्या काचा आता मिळतात. त्या महाग आहेत, पण छज्जा त्याहून स्वस्त आहे.

छज्ज्याची दिशा मात्र कळायला हवी. दक्षिणेकडच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो, कारण हिवाळ्यातही आपल्याकडे दुपारचा सूर्य बराच वर असतो. पश्चिमेला तो निरुपयोगी ठरतो. संध्याकाळचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते, तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा व्हरांडा लागतो. उत्तर दिशा बिनधास्त मानली जाते, पण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो. पावसाळ्याचे ढग आले की हा त्रास जाणवत नाही. मेच्या उत्तरार्धात जाणवतो. चार्ल्स कोरिया यांनी 1983 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत हा पेच फार सुरेख सोडवला. वारा आणि समुद्र पश्चिमेला, तापदायक ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. त्यांनी घर आणि बाहेर यांच्यामध्ये दोन मजली उंचीच्या बागा-व्हरांडे घातले. ऊन-पाऊस तिथे थोपतो आणि निवळलेला उजेड आत जातो. ती श्रीमंतांची इमारत आहे, पण तिच्यातली कल्पना जुन्या बंगल्यांच्या ओसरीची आहे.

दुसरी मर्यादा खोलीच्या खोलाईची. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट अंतरापर्यंतच उपयोगी राहतो. खिडकीत प्रकाश परतवणारी आडवी फळी बसवली, तर अडीच पटीपर्यंत. खिडकीची वरची कड अडीच मीटरवर असेल, तर पाच-सहा मीटरनंतर काळोखच. वीस-पंचवीस मीटर खोल मजल्याच्या कार्यालयात मधल्या रांगांत बसणाऱ्यांना दिवस कधी संपला हे मोबाइलवरच कळते. हैदराबादजवळच्या पोचारम इथल्या इन्फोसिसच्या इमारतीत मजल्याची रुंदीच मर्यादित ठेवली आणि खिडक्यांना अशा फळ्या लावल्या. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनात, ज्याचे उद्घाटन 2014 मध्ये झाले, मधल्या चौकाभोवती इमारत रचली आणि बहुतेक जागेला दिवसाचा उजेड मिळेल असे पाहिले. दोन्ही ठिकाणी निर्णय आराखड्याच्या पहिल्या कागदावर झाला. मागाहून बसवलेल्या सेन्सरने खोल मजला उथळ होत नाही.

या उजेडाची परीक्षा मानांकने कशी घेतात, यावर थोडे थांबायला हवे. राष्ट्रीय इमारत संहितेने बाहेरच्या आकाशाचा प्रकाश आडव्या पृष्ठावर 8000 लक्स धरून हिशेब करायला सांगितला आहे. आत त्याचा एक टक्का पोचला तर 80 लक्स. आयजीबीसीच्या नव्या इमारतींसाठीच्या पद्धतीत संगणकावरची चाचणी 21 सप्टेंबरच्या दुपारी बारा वाजता, निरभ्र आकाश धरून करायची आणि कामाच्या पातळीवर 110 ते 2200 लक्स मिळतात का ते पाहायचे, अशी सोय आहे. दिवस-रात्र समान असण्याच्या सुमाराचा, भर दुपारचा, ढगविरहित एकच क्षण. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर आकाश कसे असते, हे सांगायला नको. ऊर्जासंहितेची 2017 ची आवृत्ती याहून पुढे गेली. वर्षभरात दिवसाच्या उजेडाच्या तासांपैकी 90 टक्के तास 100 ते 2000 लक्स मिळतील असे किमान 40 टक्के क्षेत्र तिला हवे आहे. हवामानाच्या वर्षभराच्या नोंदींवर केलेली ही चाचणी अधिक प्रामाणिक आहे. युरोपच्या 2018 च्या मानकाने यात दोन गोष्टी घातल्या, ज्या मला आपल्याकडेही हव्याशा वाटतात: खिडकीतून काय दिसते त्याचा दर्जा आणि घरात किमान दीड तास थेट ऊन. आपल्या उन्हाळ्यात ही दुसरी अट जशीच्या तशी चालणार नाही. हिवाळ्यातल्या सकाळपुरती ती नक्की चालेल.

दृश्याचा उल्लेख कोणाला चैनीचा वाटेल. 1984 मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे 46 रुग्ण, 23 जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण चार दशके तो टिकून आहे.

आपल्या जुन्या घरांत उजेडाची समज होती, हे खरे. मराठवाड्यात-खानदेशात धाब्याच्या घरांना छतात साणे असे. त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरे आणि धूर वर जाई. कोकणात कौलारू छपरात मधूनच एखादे काचेचे कौल बसवतात, आजही. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांच्या चौकटींत काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे असत. त्यांतून येणारा उजेड दुधाळ, पसरलेला, डोळ्यांना जराही न खुपणारा. पुढे लॉरी बेकर यांनी केरळात विटांच्या जाळीतून हीच किमया अल्प खर्चात साधली. हे सगळे पुन्हा पाहण्यासारखे आहे. पण जुन्या घरांचे गोडवे गाताना माजघर विसरू नये. वाड्याची सदर उजळ असे, माजघर अंधारे, आणि दिवसाचा मोठा भाग तिथे बायकांचा जाई. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम काळोखी ठेवत. आजच्या फ्लॅटमध्येही दिवाणखान्याला गॅलरी मिळते आणि स्वयंपाकघराची खिडकी बहुधा डक्टमध्ये उघडते. कोणत्या खोलीला किती उजेड, हा घरातल्या सत्तेचाही प्रश्न आहे. मानांकन देताना सगळ्या खोल्यांची सरासरी काढली की तो झाकला जातो.

संध्याकाळनंतर गणित उलटे होते. आपल्याकडे घरासाठी दिवा घ्यायला गेले, की दुकानदार 'पांढरी की पिवळी' एवढेच विचारतो आणि बहुतेक जण पांढरी घेतात. खोक्यावर 'कूल डे लाइट' लिहिलेले असते, म्हणजे 6500 केल्विन. दहा बाय दहाच्या खोलीत असा 9 वॅटचा, सुमारे 900 लुमेनचा एकच बल्ब लावला, तरी डोळ्याशी अंदाजे 20 ते 25 मेलॅनोपिक लक्स पोचतात. झोपेआधीच्या 10 च्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. तोच बल्ब 2700 किंवा 3000 केल्विनचा असेल, तर आकडा निम्म्यावर येतो. त्यातही छताऐवजी कोपऱ्यातला खालच्या पातळीवरचा दिवा लावला, तर मर्यादेच्या आत. वीज तेवढीच, किंबहुना कमी. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा, निजायच्या खोलीत पिवळा, आणि दोन्हींची बटणे वेगळी, एवढे केले तरी बरेच साधते. लहान मुलांच्या शरीरावर संध्याकाळच्या प्रकाशाचा परिणाम प्रौढांहून तीव्र असतो, आणि प्रौढांतही फरक प्रचंड आहेत. 2019 मधल्या एका प्रयोगात माणसामाणसांतली ही संवेदनशीलता पन्नास पटींहून अधिक बदलती आढळली. एकाच घरात एकाला लख्ख दिव्याखाली झोप येते आणि दुसऱ्याला येत नाही, यात कोणाचा हट्ट नसतो.

रात्रपाळीचा प्रश्न याहून कठीण. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत हजारो माणसे अमेरिकेच्या वेळेवर काम करतात. रुग्णालये आणि कारखाने वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले आणि 2019 मध्ये तो निर्णय कायम ठेवला. रात्री प्रखर प्रकाश दिला तर माणूस सावध राहतो, चुका कमी होतात. पण त्याच प्रकाशाने घड्याळ सरकते. मंद ठेवला तर उलट. वेळेनुसार रंग बदलणारे दिवे बसवून हा पेच सुटला, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. इथे इलाज पाळ्यांच्या रचनेत, सलग रात्रींच्या संख्येत आणि विश्रांतीच्या खोलीत आहे. इमारत थोडी मदत करू शकते, इतकेच.

लुकलुकीकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जाते. स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. 1989 मध्ये इंग्लंडमध्ये एका कार्यालयात ट्यूबलाइटचे जुने चोक बदलून उच्च वारंवारितेचे बसवल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून कमी झाला होता. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिले तर ही लुकलुक लगेच पकडता येते. निविदेत वॅट आणि लुमेनबरोबर तिची मर्यादा लिहिणे अवघड नाही.

शाळांसाठी खिडकीइतकेच अंगण महत्त्वाचे आहे. ग्वांगझूमधल्या प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांनी रोज 40 मिनिटे जास्तीची मैदानावर काढली, तेव्हा तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला होता, बाकीच्या शाळांतल्या 39.5 टक्क्यांना. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे. बाहेर सावलीतही दहा हजारांच्या आसपास लक्स असतात, वर्गात तीन-चारशे. कोणताही दिवा ही दरी भरून काढणार नाही. शाळेच्या इमारतीला हरित म्हणण्याआधी तिला मैदान आहे का, हे पाहिले पाहिजे. महानगरांतल्या कित्येक शाळा या पहिल्याच पायरीवर अडतील. आणि एक गैरसमज: काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्याला लागणारे अतिनील किरण साधी काच अडवते.

या विषयात दाव्यांची भरती आलेली आहे, म्हणून पुरावे कुठे कच्चे आहेत हेही सांगायला हवे. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासाने भरपूर उजेडाच्या वर्गांतली मुले गणितात 20 टक्के वेगाने पुढे जातात असे म्हटले, आणि तो आकडा जगभर फिरला. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात दुसऱ्या गावी तेवढा सरळ परिणाम दिसला नाही. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होत नसावा, असे 2023 च्या कॉक्रेन आढाव्याने नोंदवले. त्याच वर्षी बासेलच्या संशोधकांनी दाखवले की मेलॅनोपिक मात्रा सारखी ठेवली, तर प्रकाश निळसर आहे की पिवळसर याने शरीराच्या घड्याळाला फरक पडला नाही. महत्त्व मात्रेला आणि वेळेला आहे, रंगाच्या जाहिरातीला नाही. वेळेनुसार रंग बदलणाऱ्या महागड्या यंत्रणेपेक्षा टेबल खिडकीकडे सरकवणे आणि रात्री अर्धे दिवे बंद करणे अधिक भरवशाचे, असा माझा या साऱ्या वाचनावरून झालेला निष्कर्ष आहे.

टिकाऊपणाचा विचार विजेच्या बिलापाशी थांबत नाही. खोक्यावर लिहिलेले 50,000 तास बहुधा एलईडी चिपचे असतात. आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारा भाग, विशेषतः फॉल्स सीलिंगच्या वर साठणाऱ्या उष्णतेत. आजची बरीच पॅनेल अशी बंदिस्त असतात की ड्रायव्हर गेला की सगळे पॅनेलच भंगारात. जुनी ट्यूब बदलता येत असे, पट्टी तीच राही. पाऱ्याच्या ट्यूबा आता जातीलच. मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी 2023 मध्ये फ्लुओरेसंट दिवे 2027 पर्यंत बंद करायचे ठरवले आहे. त्यांच्या जागी येणारे दिवे उघडता येतील, दुरुस्त करता येतील असे असावेत, ही अट खरेदीतच घालायला हवी.

आणि मोजणी. मानांकनाची पाटी दारात लागल्यावर आत खरोखर किती उजेड आहे हे फारसे कोणी पाहत नाही. पडदे खाली जातात, मधल्या भिंती उभ्या राहतात, काचा धुळीने माखतात, डिस्टेंपरचा पांढरा रंग क्रीम आणि मग तपकिरी होतो, सेन्सर 'त्रास देतो' म्हणून इलेक्ट्रिशियन तो तोडून थेट जोडणी करतो. इमारत ताब्यात दिल्यानंतर वर्षाच्या आत दोन वेळा, एकदा जुलैत आणि एकदा जानेवारीत, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवर प्रकाश मोजावा आणि तो आकडा मानांकनाच्या नूतनीकरणाला जोडावा. साधा लक्समीटर काही हजार रुपयांत मिळतो. दिव्याचे केल्विन माहीत असले की मेलॅनोपिक आकड्याचा पुरेसा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. नेमका आकडा हवा असेल तर वर्णपटमापक भाड्याने आणता येईल. सुरुवात खिडकीपासून सर्वांत दूरच्या टेबलापासून करावी, आणि घरांत डक्टकडच्या स्वयंपाकघरापासून.